परदेशी शस्त्रक्रिया : जागेवरचा भाव व पोचता भाव

यंदाच्या स्मरणिकेसाठी व्यापारविषयक काही मजकूर द्यावा, अशी संपादक मंडळाची सूचना आली तेव्हा तूर, हरभरा किंवा बाजार समितीचे नियम यांपैकी एखादा विषय आम्ही घेऊ अशीच मंडळाची अपेक्षा असावी. गेली चाळीस वर्षे बेळगावच्या रविवार पेठेत धान्याचा घाऊक व्यापार करण्यात गेली. त्यापलीकडे लिहिण्याचा अधिकार आमच्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या माणसास कितीसा असणार? तथापि मध्यंतरी आमच्या कुटुंबात अशी एक गोष्ट घडली की, तिचा संबंध वैद्यकाशी जितका तितकाच व्यापाराशीही आहे, असे आमच्या ध्यानात आले. सभासदांच्या घरोघरी आज कोणाचा मुलगा इंग्लंडात, कोणाची लेक अमेरिकेत, तर कोणाचा जावई दुबईत आहे. तेव्हा मिळविलेली माहिती, आणि तिच्यासोबत आमच्या हातून झालेली चूकही, आपणांपुढे ठेवणे उपयुक्त होईल असे वाटून हा विषय निवडला आहे.

रूप सुधारण्यासाठी परदेशी जाऊन शस्त्रक्रिया करून घेणे, हा तो विषय होय. डोक्यावर केस रोवणे, नाकाची ठेवण बदलणे, पापण्यांना घडी पाडणे, पोटावरील चरबी काढणे इत्यादी प्रकार यात येतात. हे ऐकून काही वडीलधारी मंडळी हसतील. प्रथम आम्हीही हसलो होतो. परंतु या विद्येची पूर्वपीठिका समजून घेतल्यावर आमचे हसू मावळले.

ही विद्या मूळची आपलीच

कापले गेलेले नाक गालाच्या त्वचेचा पदर घेऊन पुन्हा घडविण्याची कृती सुश्रुतसंहितेत सांगितलेली आहे. आपल्या प्रांताशी निकटचा संबंध असलेली एक हकीकत तर इतिहासात नमूद आहे. इंग्रजांच्या सैन्यात बैलगाडी हाकणारा कावसजी नावाचा एक मनुष्य १७९२ च्या युद्धात टिपूच्या लोकांच्या हाती सापडला व त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे सुमारे वर्षभराने पुण्यात विटा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची त्वचा खाली वळवून त्याला नवे नाक बसविले. दोन इंग्रज शल्यवैद्यांनी ते काम समक्ष पाहिले, आणि त्याचे सचित्र वर्णन ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात प्रसिद्ध झाले. त्याच पद्धतीने जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यवैद्याने १८१४ साली लंडनमध्ये नाकाची शस्त्रक्रिया केली व पुढे १८१६ साली तीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हणजे त्या काळी ही विद्या येथून विलायतेस गेली. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांनी चेहरे विद्रूप झालेल्या हजारो सैनिकांवर हॅरॉल्ड गिलीज यांनी इंग्लंडात उपचार केले, आणि तेथून आधुनिक प्लॅस्टिक सर्जरीचा विस्तार झाला. गेलेले रूप परत मिळावे ही माणसाची इच्छा फार जुनी आहे, व ती क्षुद्र मानण्याचे कारण नाही.

देशोदेशींच्या पेठा

गुळाला कोल्हापूर, तुरीला कलबुर्गी, मिरचीला ब्याडगी अशा आपल्याकडे पेठा ठरून गेल्या आहेत. तशाच या शस्त्रक्रियांच्याही पेठा जगात ठरल्या आहेत. केस रोवण्यासाठी तुर्कस्तानातील इस्तंबूल, पापण्या व जबड्याच्या ठेवणीसाठी दक्षिण कोरियातील सोल शहराचा गंगनम भाग, अनेकविध शस्त्रक्रियांसाठी थायलंडमधील बँकॉक, आणि अमेरिकेतील लोकांना जवळ पडणारे मेक्सिको व डॉमिनिकन रिपब्लिक हे देश, ही त्यांतील ठळक नावे होत. इस्तंबूलच्या विमानतळावर डोक्याला पट्टी बांधलेले परदेशी पुरुष रांगेत उभे असलेले दिसतात, आणि त्याचे कोणास नवल वाटत नाही.

या पेठा का भरल्या, याची कारणे व्यापाऱ्यास सहज उमगतील. १९९७ साली थायलंडचे चलन कोसळले तेव्हा तेथील मोठमोठी खासगी रुग्णालये ओस पडू लागली, व त्यांनी परदेशी रुग्णांकडे दृष्टी वळविली. तुर्कस्तानात २०१८ पासून लिराची किंमत उतरत गेली. तेथील मजुरी, भाडे व डॉक्टरांचे वेतन लिरामध्ये, तर येणारा रुग्ण पौंड किंवा युरो घेऊन येणारा. सरकारनेही या धंद्यास उत्तेजन दिले. साहजिकच इंग्लंडात जे काम पाच-सहा हजार पौंडांत होते, ते तेथे दोन हजारांच्या आसपास होऊ लागले. स्वस्ताई म्हणजे लबाडीच, असे मुळीच नाही. त्या शहरात निष्णात व सचोटीचे शल्यचिकित्सक पुष्कळ आहेत. परंतु पेठ मोठी झाली म्हणजे खऱ्या मालाबरोबर भेसळही तेथेच येते, हे आपण जाणतोच.

केस रोवण्याची क्रिया

पुढील हकीकत समजण्यासाठी या क्रियेची थोडी माहिती आवश्यक आहे. टक्कल पडते ते बहुधा कपाळाच्या वर व माथ्यावर. मानेच्या वरील मागच्या पट्ट्यातील व कानांजवळचे केस सहसा टिकून राहतात. हे टिकाऊ केस मुळासकट उपटून पुढे लावले तर नव्या जागीही ते आपला टिकाऊपणा सोडत नाहीत. न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५२ पासून या तत्त्वावर शस्त्रक्रिया केल्या. आज एक मिलिमीटरहूनही बारीक पोकळ सुईने एक ते चार केसांचा एकेक झुबका काढतात. त्यास ग्राफ्ट म्हणतात. नंतर पुढच्या भागात बारीक छिद्रे पाडून त्यांत ते झुबके बसवितात. एका बैठकीत दोन-तीन हजार ग्राफ्ट बसविण्याचे काम सहा ते आठ तास चालते. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळून पडतात. तीन-चार महिन्यांनी नवे उगवू लागतात, आणि खरा निकाल कळण्यास एक वर्ष लागते.

यात ध्यानात ठेवण्याची गोष्ट एवढीच की, मागच्या पट्ट्यातून जो झुबका काढला तो तेथे पुन्हा उगवत नाही. शेतकऱ्याच्या घरातील बियाण्याच्या पोत्यासारखा तो साठा आहे. तो जन्मभर पुरवून वापरावयाचा असतो, व एकदा वाया गेला म्हणजे बाजारात विकत मिळत नाही.

आमच्या घरची हकीकत

आमच्या थोरल्या बंधूंचा नातू शिक्षणासाठी इंग्लंडात गेला व तेथेच नोकरीस लागला. बाविसाव्या वर्षापासून त्याचे केस झडू लागले. मुलगा सुस्वभावी, निर्व्यसनी, हुद्द्याची नोकरी. तथापि दोन ठिकाणी फोटो गेल्यावर पुढचे बोलणे थांबले. घरी येई तेव्हा तो टोपी घालून बसे, व भोजनाच्या वेळीही ती काढीत नसे. त्याचे नाव येथे देत नाही. त्याच्या संमतीनेच ही हकीकत लिहीत आहोत.

२०२३ च्या पावसाळ्यात त्याने इस्तंबूलच्या एका क्लिनिकचे दरपत्रक आम्हांस मोबाईलवर पाठविले आणि फोन केला, "आप्पा, जन्मभर सौदे केलेत तुम्ही. हा सौदा कसा वाटतो ते बघून सांगा." आम्ही चष्मा लावून ते दरपत्रक वाचले. शस्त्रक्रिया, तीन रात्रींचा हॉटेलमुक्काम, विमानतळावरून ने-आण, दुभाषी, औषधे, सर्व मिळून २१०० पौंड; ग्राफ्ट 'हवे तितके'. त्याने फोटो पाठविल्यापासून तासाभरात हे उत्तर आले होते. आम्ही त्याला सांगितले, "बाळ, पहिला भाव कधी घेऊ नये. थोडा थांब, शे-दोनशे उतरतील." दोन दिवसांत खरोखरच दोनशे पौंड उतरले. तो आनंदला, आणि आम्ही त्याहून अधिक.

हीच आमची चूक होय. परगावच्या पेढीकडून ज्वारीचे शंभर पोते घेताना आम्ही नमुना मागतो, वजनघट कोणाची ते ठरवितो, वांधा निघाल्यास तो कोठे मिटवायचा ते लिहून घेतो. येथे मात्र घरच्या मुलाच्या मस्तकाचा सौदा असताना आम्ही केवळ भाव पाहिला. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे नाव त्या कागदावर कोठेच नव्हते, हे आमच्या ध्यानातसुद्धा आले नाही.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात तो शुक्रवारी गेला, शनिवारी शस्त्रक्रिया झाली व सोमवारी परतला. डॉक्टर दहा मिनिटे आले, कपाळावर पेनाने रेघ आखली आणि गेले. पुढील सात तास तीन तरुण साहाय्यकांनी काम केले. परतल्यावर पाचव्या दिवशी मागच्या जखमांत पू झाला, ताप आला. क्लिनिकला कळविले असता दुभाष्याचे उत्तर आले की, फोटो पाठवा व दिलेला शांपू चालू ठेवा. इंग्लंडातील डॉक्टरांनी औषध देऊन संसर्ग आटोक्यात आणला, परंतु तीन आठवडे त्याला कामावर जाता आले नाही. वर्षभराने पुढचे केस विरळ उगवले, आणि मागे जेथून केस काढले तेथे ठिकठिकाणी रिकामे ठिपके कायमचे राहिले.

तेथील त्वचारोगतज्ज्ञाने त्याला दोन गोष्टी समजावून सांगितल्या. सव्विसाव्या वर्षी केस झडण्याची क्रिया स्थिरावलेली नसते. म्हणून आधी औषधे देऊन एक-दोन वर्षे पाहावयास हवे होते, कारण रोवलेले केस पुढे टिकतात व त्यांच्या मागचे मूळचे केस झडत जाऊन मध्येच मोकळी जागा पडते. दुसरे असे की, एकाच जागेतून गरजेपेक्षा अधिक केस काढले गेले. 'हवे तितके' या शब्दांचा अर्थ आम्हांस तेव्हा कळला. बियाण्याचे पोते अर्धे सांडले होते.

हिशेब

धान्याच्या व्यापारात जागेवरचा भाव व पोचता भाव असे दोन भाव असतात. माल विकणाऱ्याच्या गुदामात उभा असतानाचा तो जागेवरचा. हमाली, वाहतूक, घट, विमा धरून आपल्या दारात पडतो तो पोचता. नवशिका व्यापारी पहिला भाव ऐकून सौदा करतो व वर्षाअखेर तोटा का आला हे शोधीत बसतो. नातवाच्या सौद्याचा पोचता भाव आम्ही नंतर वहीत मांडला, तो असा :

क्लिनिकचे १९०० पौंड, विमानभाडे २४०, बुडालेला पगार १५००, खासगी त्वचारोगतज्ज्ञ व औषधे ६००, आणि बिघडलेले काम शक्य तेवढे सुधारण्यासाठी इंग्लंडातील शल्यचिकित्सकाने सांगितलेला खर्च ४०००. एकूण ८२४० पौंड. घराजवळ हेच काम प्रथमच केले असते तर ५५०० पौंडांत झाले असते. शिवाय गेलेले केस व वर्षभर गमावलेली झोप या हिशेबात धरलेली नाही.

याहून भयंकर अनुभव इतरांस आले आहेत. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये रूपसुधारणेच्या शस्त्रक्रियेनंतर २००९ ते २०२२ या काळात ९३ अमेरिकी नागरिक मृत्यू पावले. त्यांत स्त्रियांचीच संख्या फार मोठी होती. तपासलेल्या मृत्यूंत चरबीचे कण किंवा रक्ताच्या गुठळ्या फुप्फुसांत अडकणे ही मुख्य कारणे आढळली. २०२३ साली मेक्सिकोतील मातामोरोस शहरात पाठीच्या कण्यात भूल देऊन अशा शस्त्रक्रिया झाल्या. भुलेच्या वेळी बुरशीचा संसर्ग होऊन रुग्णांच्या मेंदूच्या आवरणास सूज आली. बरेच रुग्ण तोवर अमेरिकेत आपापल्या घरी परतले होते, व त्यांतील अनेक दगावले. शस्त्रक्रियेची जागा व आजार उद्भवण्याची जागा यांत एक सीमा आडवी आली म्हणजे मूळ कारण शोधण्यातच मोलाचा वेळ जातो.

विमानप्रवासाचाही संबंध आहे. शस्त्रक्रियेनंतर कित्येक तास एका जागी बसून राहिल्याने पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून छाती किंवा पोटावरील शस्त्रक्रियेनंतर निदान १० दिवस, आणि नाक, पापण्या व चेहऱ्यावरील शस्त्रक्रियेनंतर ७ ते १० दिवस विमानात बसू नये, असा त्याच केंद्राचा सल्ला आहे. तीन रात्रींचे पॅकेज या सल्ल्यात कसे बसणार, हे ज्याचे त्याने पाहावे.

नमुना एक, माल दुसरा

दक्षिण कोरियात वेगळीच तक्रार गाजली. नामवंत डॉक्टर रुग्णाशी बोलत, आणि रुग्ण बेशुद्ध झाल्यावर दुसराच कोणी शस्त्रक्रिया करी. २०१६ साली जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर एका तरुणाचा मृत्यू झाला. त्याच्या आईने शस्त्रक्रियागृहातील चित्रफीत मिळवून वर्षानुवर्षे लढा दिला. अखेर कायदा झाला, आणि २५ सप्टेंबर २०२३ पासून त्या देशात पूर्ण भूल देऊन होणाऱ्या शस्त्रक्रियांच्या जागी कॅमेरे बसविणे सक्तीचे झाले. केस रोवणाऱ्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही, परवाना नसलेल्या साहाय्यकांकडून शस्त्रक्रिया करवून घेण्याच्या प्रथेविरुद्ध मोहीम चालविली आहे. आपल्याकडेही हा दोष नाही असे नाही. म्हणूनच राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने २०२२ साली केस रोवण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या.

वांधा निघाल्यास काय, हाही प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निर्णयापासून आपल्या देशात पैसे देऊन घेतलेल्या वैद्यकीय सेवेबद्दल ग्राहक न्यायालयात दाद मागता येते. परमुलखातील क्लिनिकशी वाद झाला तर बहुधा तेथील न्यायालयात, तेथील भाषेत व तेथील वकिलाकरवी लढावे लागते. एवढी धाव कोण घेणार?

आधी विचारावयाचे प्रश्न

ज्यांना जावयाचे आहे त्यांना अडविण्याचा आमचा हेतू नाही. परंतु आगाऊ रक्कम पाठविण्यापूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत.

(१) शस्त्रक्रिया कोण करणार? त्या डॉक्टरांचे नाव, शिक्षण व नोंदणी काय, आणि कोणते काम ते स्वहस्ते करणार?

(२) सरकारी अधिकारपत्र आहे काय? तुर्कस्तानात २०१७ च्या नियमानुसार परदेशी रुग्ण घेणारे रुग्णालय व रुग्ण आणणारी मध्यस्थ संस्था, या दोहोंसही आरोग्य मंत्रालयाचे अधिकारपत्र लागते.

(३) प्रकृती, वय व चालू औषधे विचारल्यावाचून केवळ फोटोवरून होकार आला काय? आला असल्यास तो सौदा सोडावा. जो डॉक्टर कधीच नकार देत नाही, त्याच्या होकारास किंमत नाही.

(४) परतल्यावर जखम कोण पाहणार? आपल्या गावातील डॉक्टरांशी आधी बोलून ठेवावे, व शस्त्रक्रियेची सर्व टिपणे, दिलेल्या औषधांच्या नावांसह, इंग्रजीत लिहून आणावी.

(५) काम बिघडल्यास दुरुस्तीचा खर्च, पुन्हा जाण्याचे भाडे व राहण्याची सोय कोणाकडे? साधा प्रवासविमा असा खर्च सहसा देत नाही. म्हणून विमापत्रही नीट वाचावे.

(६) तितके दिवस तेथे राहण्याइतकी रजा व पैसा हाताशी आहे काय? नसल्यास सौदा पुढे ढकलावा.

शेवटी आपल्याविषयी

हा लेख येथे संपविता आला असता, परंतु एक गोष्ट सांगितल्यावाचून तो प्रामाणिक होणार नाही. नातवाच्या दुखण्यात क्लिनिकचा दोष आहे, भाव पाडण्यास सांगणाऱ्या आमचा आहे, आणि थोडा आपणा सर्वांचाही आहे. ज्या दोन घरांनी त्याचा फोटो पाहून बोलणे थांबविले त्यांना आम्ही कोणत्या तोंडाने बोल लावावा? आमच्या धाकट्या कन्येसाठी आलेले एक चांगले स्थळ, मुलाचे केस कपाळावरून मागे हटलेले पाहून आम्हीच परतविले होते. त्या मुलास काय वाटले असेल, याचा विचार त्या दिवशी आमच्या मनास शिवला नाही. मुलींच्या बाबतीत तर रंग, उंची, नाक यांची चिकित्सा आपण मालाच्या प्रतीप्रमाणे करतो, आणि मग त्या चोरून औषधे व शस्त्रक्रिया शोधू लागल्या म्हणजे नव्या पिढीला नावे ठेवतो.

नातू गेल्या दिवाळीस घरी आला होता. त्याने केस अगदी बारीक कापले होते व टोपी नव्हती. दुसरी शस्त्रक्रिया करावयाची की नाही, हे दोन वर्षे औषधे घेऊन मग ठरविणार असल्याचे त्याने सांगितले. यावेळी भावाविषयी त्याने आम्हांस काही विचारले नाही. आम्हीही काही सांगितले नाही.

आपल्या संस्थेच्या वधूवर परिचय पुस्तिकेत 'वर्ण' हा रकाना अद्याप छापला जातो, व फोटो नसलेला अर्ज बाजूस ठेवला जातो. तो रकाना काढून टाकावा आणि फोटोची अट ऐच्छिक करावी, अशी सूचना येत्या सर्वसाधारण सभेत आम्ही मांडणार आहोत. सभासदबंधूंपैकी कोणी अनुमोदन देण्यास पुढे आल्यास आम्ही त्यांचे आभारी होऊ.